आंतरवासिता : शिक्का की शिक्षण?

आयुर्वेदाच्या पदवीचे शिक्षण पूर्ण करून दरवर्षी शेकडो तरुण वैद्य महाराष्ट्रात व्यवसायात पदार्पण करतात. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यानंतर बारा महिन्यांची आंतरवासिता, असा हा क्रम आहे. भारतीय वैद्यक पद्धतीच्या राष्ट्रीय आयोगाने २०२२ साली पदवी शिक्षणाचे नवे विनियम लागू केले. त्यांत अभ्यासक्रमाची रचना बदलून अठरा-अठरा महिन्यांच्या तीन व्यावसायिक परीक्षा ठरविण्यात आल्या. आंतरवासिता मात्र बारा महिन्यांचीच राहिली. सर्वसाधारण योजनेनुसार यांपैकी सहा महिने महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात आणि सहा महिने प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आदी ठिकाणी काढावयाचे असतात. या दुसऱ्या सहामाहीविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. आमच्या व्यवसायाचा उद्याचा दर्जा ज्या काळात ठरतो, तोच काळ आज सर्वांत दुर्लक्षित आहे, अशी आमची धारणा झाली आहे.

नांदेड जिल्ह्याचे सोळा आणि लातूर जिल्ह्याचे दहा तालुके डोळ्यांपुढे आणावेत. येथील बहुसंख्य गावांत रुग्णाला भेटणारा पहिला पदवीधर वैद्य हा आयुर्वेदाचा स्नातक असतो. तो खाजगी व्यावसायिक असेल, आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी असेल, २०१४ पासून महाराष्ट्रात सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरील वैद्य असेल किंवा सहा महिन्यांचे पूरक प्रशिक्षण घेऊन उपकेंद्रावर नियुक्त झालेला समुदाय आरोग्य अधिकारी असेल. पाटी कोणतीही असो, मध्यरात्री दार ठोठावले जाते ते याच वैद्याचे. ज्याला पहिला निर्णय घ्यावयाचा आहे, त्याने तसा निर्णय गुरुजनांच्या देखरेखीखाली पूर्वी कधी घेतलाच नसेल, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

आमच्या शास्त्राने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. चरकसंहितेने वैद्याच्या चार गुणांत निर्मळ शास्त्रज्ञानाबरोबरच दृष्टकर्मता गणली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' हा स्वतंत्र अध्याय आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा, वेधनाचा सराव मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, इतक्या तपशिलाने तेथे मार्गदर्शन केलेले आहे. त्याच्या लगेच पुढचा अध्याय 'विशिखानुप्रवेशनीय', म्हणजे वैद्याने लोकांत चिकित्सेसाठी प्रवेश कसा करावा याविषयीचा आहे. शास्त्र शिकलेला, त्याचा अर्थ जाणलेला, कर्म पाहिलेला, सराव केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळालेला वैद्यच या प्रवेशास पात्र मानला आहे. अनुज्ञा सर्वांत शेवटी येते, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आज आमच्याकडे अनुज्ञा तेवढी वेळेवर मिळते. कर्मदर्शन व सराव यांचे काय झाले, हे विचारणारा कोणी उरलेला नाही.

वस्तुस्थिती आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती उघडपणे मांडली जात नाही, इतकेच. अनेक ठिकाणी आंतरवासी आरोग्य केंद्रात रुजू होतो तो कागदावर. महिन्यातून काही दिवस हजेरी, अखेरीस स्वाक्षरी व शिक्का, आणि उरलेला काळ पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या शिकवणीत, असा प्रघात पडला आहे. याचा सगळा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. २०१७ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी देशपातळीवर एकच परीक्षा होते, आणि त्या परीक्षेत आरोग्य केंद्रात तपासलेल्या रुग्णांना गुण नाहीत. जेथे शिकून काही पदरी पडत नाही आणि न शिकून काही बिघडत नाही, तेथे विद्यार्थी वेळ का घालवील?

शिवाय तो प्रामाणिकपणे केंद्रात जाऊन बसला, तरी त्याला शिकवावयाचे कोणी? मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा शासनाचा निकष आहे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोगासारखे राष्ट्रीय कार्यक्रम, बैठका व अहवाल यांचा भार असतो. अध्यापन हे त्याचे नेमून दिलेले काम नाही व त्यासाठी त्याला वेळही दिलेला नाही. विद्यार्थ्याच्या, विशेषतः विद्यार्थिनींच्या, निवासाची सोय बहुधा नसते. सायंकाळची शेवटची एस.टी. गाठावयाची म्हणून दुपारीच निघावे लागते. आणि खेड्यातील खरे रुग्ण तर शेतातून परतल्यावर, दिवेलागणीला येतात. ज्या केंद्रात आयुर्वेदीय औषधांचा पुरेसा साठा नाही, तेथे आमचा विद्यार्थी सहा महिन्यांत एकही काढा लिहीत नाही. मग पुढे स्वतःच्या दवाखान्यात तो सुई व गोळी यांवरच भिस्त ठेवतो, याचे आश्चर्य आम्ही का मानावे?

खेड्यातील सहा महिन्यांत शिकण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न शहरातील काही मंडळी करतात. त्यास आमच्या दोन जिल्ह्यांपुरते उत्तर देतो.

पहिली गोष्ट सर्पदंशाची. पावसाळ्यात शेतशिवारात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी सापांशी गाठ पडते. मण्यारीचा दंश पुष्कळदा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. वेदना नसते, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते व पापण्या जड होतात. हा रुग्ण पोटदुखीचा समजून परत पाठविला, तर तो हातचा जातो. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्यासाठी स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवणे, ही एवढीशी परीक्षा आरोग्य केंद्रातही करता येते. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी राहून डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचारात जे काम उभे केले, ते आपल्या जिल्ह्यातच आहे. ज्या विद्यार्थ्याने ही नळी एकदा स्वतः धरली, प्रतिविष देताना व त्यानंतर रुग्णावर लक्ष ठेवताना अनुभवी वैद्याचे काम पाहिले, तो पुढे अगदतंत्राचा ग्रंथ अधिक जाणतेपणाने वाचील. आणि कोणता रुग्ण आपल्याकडे एक मिनिटही थांबवावयाचा नाही, हेही त्याला उमगेल.

दुसरी गोष्ट फवारणीची. कापूस, तूर व सोयाबीन यांच्या हंगामात घामाघूम झालेला, लाळ गळणारा, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेला शेतमजूर दारात येतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. येथेही पहिली ओळख पटविणारा वैद्य गावातलाच असतो.

तिसरी गोष्ट देशविचाराची. किनवट-माहूरचा डोंगराळ वनप्रदेश, गोदाकाठची काळी जमीन आणि लातूरचे टंचाईग्रस्त पठार यांचा आहार, पाणी व व्याधी एक नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा ठिकाणी मूत्राश्मरी व मूत्रकृच्छ्र यांच्या रुग्णास 'भरपूर पाणी प्यावे' असे सांगणाऱ्या वैद्याला त्या घरात पाणी किती दिवसांनी येते, हे ठाऊक असावयास हवे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला तीन महिन्यांचे पथ्य सांगताना ते कुटुंब त्या काळात कोठे असेल, हे विचारावयास हवे. किनवटकडे गोंडी व कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी कानावर पडते. या भाषांतील वेदनेचे चार शब्द शिकल्यावाचून प्रश्नपरीक्षा पुरी होत नाही, आणि ते शब्द पुस्तकात सापडत नाहीत.

चौथी गोष्ट ऑक्टोबर २०२३ ची, व ती क्लेशदायक आहे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्णांचे मृत्यू झाले. त्यांपैकी बारा नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्याच्या कारणमीमांसेत शिरण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु दूरवरून आणि अत्यवस्थ स्थितीत आणले गेलेले रुग्ण, हा मुद्दा रुग्णालयाच्या बाजूने त्या वेळी मांडला गेला होता. रुग्ण मोठ्या रुग्णालयात केव्हा पोहोचतो, हे पुष्कळ अंशी गावातील पहिला वैद्य ठरवितो. योग्य वेळी, योग्य चिठ्ठीसह रुग्ण पुढे पाठविणे हेही एक कर्म आहे, व त्याचाही सराव लागतो.

असे शिक्षण आपल्याकडे होऊच शकत नाही, असे म्हणण्यास जागा नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९६९ मधील स्थापनेपासून विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव जोडून देण्याची पद्धत रुजविली. विद्यार्थी त्या गावात राहतात व नेमून दिलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा करतात. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या, आणि पुढे देशोदेशीचे शिकणारे त्यांच्याकडून शिकले. आमच्या अगदी शेजारी, तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे, डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या परिसरासही या संस्थेच्या कार्याचा आधार लाभला. ही तिन्ही उदाहरणे आयुर्वेदाची नाहीत; तरीही ती आम्हांस लागू आहेत. तिन्हींत शिकणाऱ्याला नावानिशी जबाबदार असलेला एक शिक्षक होता. शिकणारा त्याच गावात, त्याच घरांत पुन्हा पुन्हा जात होता. आणि त्याच्या येण्याने गावाचेही काही भले होत होते. आमच्या आंतरवासितेत या तीन गोष्टी आणावयाच्या आहेत. त्यासाठी इमारत लागत नाही.

आता आमच्या स्वतःच्या वाट्याकडे वळू. शासनाकडे मागण्या करणे आवश्यक आहे, परंतु मागणीपत्र पाठवून आपली जबाबदारी संपत नाही. नांदेड व लातूर जिल्ह्यांत वीस-वीस, तीस-तीस वर्षे एकाच गावी चिकित्सा करणारे वैद्य आहेत. संधिवात, आमवात, ग्रहणी, त्वग्विकार, स्त्रीरोग यांच्या चिकित्सेत त्यांचा जो अनुभव आहे, तो कोणत्याही ग्रंथालयात नाही. तो त्यांच्याबरोबर लोप पावू द्यावयाचा काय?

या सूचनेस व्यवसायबंधूंकडून काही आक्षेप घेतले जातात. ते रास्त आहेत व त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, आज शिकविलेला विद्यार्थी उद्या समोरच दवाखाना थाटील. तो थाटणारच असेल तर शिकून थाटलेला बरा. अर्धवट शिकलेल्या शेजाऱ्याने बिघडविलेले रुग्ण शेवटी आपल्याच दारी येतात आणि बदनामी सगळ्या शास्त्राची होते. दुसरा आक्षेप वेळेचा आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात शिकविणे कठीण, हे खरे. परंतु दिवसाकाठी दोनच रुग्णांविषयी, दवाखाना संपल्यावर वीस मिनिटे चर्चा करणे कठीण नाही. तिसरा आक्षेप कायद्याचा आहे व तो महत्त्वाचा आहे. आंतरवासीची नोंदणी तात्पुरती असते. त्याने देखरेखीखालीच काम करावयाचे असते. खाजगी दवाखान्यातील उपस्थिती विनियमांतील सहा महिन्यांची जागा घेऊ शकत नाही. ती पूरक राहील आणि महाविद्यालयाच्या लेखी संमतीनेच होईल. रुग्णाची अनुमती घेतल्याविना विद्यार्थ्यास तपासणीच्या वेळी उपस्थित ठेवू नये. आणि आम्ही स्वतःस एक ताकीद देऊ इच्छितो : आंतरवासी म्हणजे बिनपगारी कंपाउंडर नव्हे. त्याला सलाईन लावण्यास एकटे ठेवून आपण लग्नाला जावयाचे, असे शिक्षण नसलेले बरे.

औषधनिर्माते व औषधालयाचे मालक यांचा वाटाही लहान नाही. चरकाचार्यांनी गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, हे मोकळेपणाने मान्य केले आहे. आजचा स्नातक मात्र बिब्बा, बेहडा वा वावडिंग यांचे कच्चे द्रव्य पाहताच ओळखील, याची खात्री देता येत नाही. अशोकाच्या सालीऐवजी उद्यानातील उंच 'खोट्या अशोकाची' साल बाजारात येते, वावडिंगात दुसरीच फळे मिसळली जातात, हे तो पुस्तकात वाचतो. गोदामात उभा राहून, पोते उघडून, हाताने चोळून, वास घेऊन ते त्याने कधी पाहिलेले नसते. औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींविषयीची अनुसूची 'टी' २००० साली लागू झाली. प्रत्येक निर्माता तिच्यानुसार नोंदी ठेवतो, परंतु औषध लिहून देणाऱ्या वैद्याने त्या नोंदवह्या कधी उघडलेल्या नसतात. वत्सनाभ, कुचला, जयपाळ, हिंगूळ, हरताळ ही द्रव्ये अनुसूची 'ई-१' मध्ये का आहेत व त्यांच्या शोधनात कसूर झाल्यास काय घडते, हे रसशाळेत आठ दिवस राहिलेला विद्यार्थी जन्मभर विसरणार नाही. असा वैद्य निर्मात्याला नेमके प्रश्न विचारील. चोख माल देणाऱ्या निर्मात्याला त्याची भीती नाही. उलट त्याच्या मालाचे मोल जाणणारा ग्राहकच त्यातून तयार होईल. मात्र येथेही अट आहे : रसशाळेतील हे दिवस औषधांच्या जाहिरातीचे, नमुने वाटण्याचे वा भेटवस्तूंचे होता कामा नयेत.

या विचारातून आम्ही सभासदांपुढे पुढील योजना ठेवीत आहोत.

एक : दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक तालुक्यातून निदान एका अनुभवी वैद्याने 'मार्गदर्शक वैद्य' म्हणून नाव नोंदवावे. एका वेळी त्यांच्याकडे दोनच आंतरवासी असावेत.

दोन : आंतरवासी ज्या आरोग्य केंद्रात नेमलेला असेल, त्याच्या जवळच्या मार्गदर्शक वैद्याकडे त्याने आठवड्यातून दोन सायंकाळी यावे. त्यामुळे केंद्रातील सेवेत व्यत्यय येणार नाही.

तीन : प्रत्येकाने एक अनुभववही ठेवावी. तीत सहा महिन्यांत पन्नास रुग्णांची सविस्तर नोंद असावी : हेतू, लक्षणे, निदान, दिलेले औषध व पथ्य, आणि पुढच्या भेटीत काय आढळले ते. पुढे पाठविलेल्या रुग्णांची नोंद स्वतंत्र असावी. रुग्णाचे नाव वहीत नसावे. शिक्का हवा असेल, तर तो या वहीवर पडावा.

चार : प्रत्येक आंतरवासीने एका गावातील दहा कुटुंबे निवडून सहा महिने त्यांचा पाठपुरावा करावा. आशा सेविका व परिचारिका यांच्याकडून हे गाव समजून घ्यावे; त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

पाच : औषधनिर्मात्यांनी वर्षातून दोन वेळा आठ-आठ दिवसांची निवासी सोय करावी. कच्च्या द्रव्याच्या तपासणीपासून वेष्टनापर्यंत सर्व टप्पे दाखवावेत.

सहा : ज्या गावी आंतरवासी राहील, तेथे त्याच्या, आणि विशेषतः विद्यार्थिनींच्या, सुरक्षित निवासाची व्यवस्था स्थानिक सभासदांनी पाहावी. हा खर्चाचा कमी व आस्थेचा अधिक प्रश्न आहे.

महाविद्यालयांनाही आमची विनंती आहे. नांदेडचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, लातूरचे मांजरा व उदगीरचे धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालय या संस्था आपल्याच परिसरात आहेत. त्यांनी प्रत्येक आरोग्य केंद्रासाठी एक अध्यापक नेमून द्यावा व त्याने महिन्यातून एकदा तेथे प्रत्यक्ष जावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अनुभववहीची तोंडी परीक्षा आंतरवासितेच्या अखेरीस घेण्याचा विचार करावा. जिल्हा परिषदांनी आंतरवासी असलेल्या केंद्रांना आयुर्वेदीय औषधांचा साठा प्राधान्याने द्यावा आणि अध्यापनात वेळ देणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कामाची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात करावी. यांतील कोणत्याही सूचनेसाठी नवा कायदा लागत नाही.

ही योजना एकदम सव्वीस तालुक्यांत चालेल, असा आमचा दावा नाही. प्रारंभी किनवट, मुखेड, उदगीर व निलंगा या चार तालुक्यांत ती एक वर्ष राबवावी, असे आम्ही सुचवितो. किती विद्यार्थी अखेरपर्यंत टिकले, किती वह्या पूर्ण झाल्या, किती रुग्ण वेळेवर पुढे पाठविले गेले, याचा हिशेब याच अंकांतून प्रसिद्ध व्हावा. हिशेब निराशाजनक आला तरी तो छापावा; दुसऱ्या वर्षी काय बदलावयाचे, हे त्यावरूनच कळेल.

आयुर्वेदाला राजाश्रय मिळावा, समाजात मान मिळावा, अशी अपेक्षा आपण सभांतून व ठरावांतून सातत्याने व्यक्त करतो. मान देणारा समाज खेड्यात आहे, आणि तो पदवी पाहत नाही. आपल्या मुलाचा ताप कोणी उतरविला आणि आपल्या आईला वेळेवर नांदेडला वा लातूरला कोणी पाठविले, हे पाहतो. ही पारख असणारा वैद्य घडविण्यास सहा महिने पुरे आहेत, ते सत्कारणी लागले तर. मार्गदर्शक म्हणून नाव देऊ इच्छिणाऱ्या वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी पुढील अंक निघण्यापूर्वी आपल्या जिल्हा शाखेकडे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.